विश्लेषण : बाळंतिणीच्या मनाची विचारपूस कोण करणार? प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार कसे आणि कुठे मिळतात?

बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात महाराष्ट्रातील बाळंतिणीभोवती माणसांची वाण नसते. आई असते, सासू असते, मालिश करणारी बाई येते, आशा कार्यकर्ती येते, डोससाठी गेले की परिचारिका भेटते आणि बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ वेगळीच. दूध पुरते का, टाके दुखतात का, बाळाचे वजन वाढले का, हे प्रश्न तिला दिवसातून अनेकदा विचारले जातात. तुला कसे वाटते आहे, हे विचारणारे क्वचितच कोणी भेटते. दुसरीकडे, प्रसूतीनंतरचे नैराश्य हा बरा होणारा आजार आहे आणि बोलण्यातून होणारे उपचार, म्हणजेच थेरपी, त्यावर चांगली लागू पडते. ही थेरपी म्हणजे नेमके काय, ती कोण देते, तिचा खर्च किती, अंगावर पाजणाऱ्या आईने औषधे घ्यावीत का, याविषयी.

नुसते रडू येणे की आजार?

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे, क्षणात हसू क्षणात आसू, हे निम्म्याहून अधिक मातांना होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा जोर सर्वाधिक असतो. आपल्याकडे पाचवी पुजली जाते आणि रात्र जागवली जाते, तेच हे दिवस. संप्रेरकांची पातळी एकदम खाली येते, झोप झालेली नसते, अंग दुखत असते. साधारण दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते. त्यासाठी उपचारांची नव्हे, तर झोपेची आणि हातभार लावणाऱ्या माणसांची गरज असते.

दोन आठवडे उलटूनही उदासपणा जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपले तरी स्वतःला झोप येत नसेल, भूक मेली असेल, आपण आई म्हणून कुचकामी आहोत असे सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. काही जणींमध्ये उदासीपेक्षा काळजीच अधिक दिसते. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला त्या रात्रीतून दहा वेळा उठतात. काहींच्या मनात नको ते विचार येतात: बाळ हातातून पडले तर, आपणच त्याला काही केले तर. या विचारांनी ती आई स्वतःच हादरते, सुरी दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात जाणे टाळते आणि कोणालाही काही सांगत नाही. सांगितले तर लोक आपल्याला वेडी ठरवतील, बाळ काढून घेतील, ही भीती असते. असे विचार नव्या मातांमध्ये बरेच आढळतात. ज्या आईला त्यांची भीती वाटते, जी त्यांपासून पळू पाहते, तिच्याकडून बाळाला धोका असण्याची शक्यता फार कमी असते. पण त्रास खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत.

याहून पूर्णपणे वेगळी अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना तो होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप पार उडते, बोलणे असंबद्ध होते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र समजुती तयार होतात. ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून अनेक घरांत आधी देवर्षी गाठला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा वेळी आईला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, वाहन नसेल तर 108 वर रुग्णवाहिका मागवावी. येथे समुपदेशनावर वेळ घालवू नये.

भारतात प्रमाण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2017 मध्ये भारतातील 38 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासांत मिळून 20 हजारांहून अधिक माता होत्या आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण 22 टक्के आढळले. म्हणजे पाचातील एक.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातही सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर 23 टक्के मातांमध्ये नैराश्य दिसले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. या अभ्यासाचे खरे महत्त्व कारणांच्या नोंदीत आहे. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, घरातील मारहाण आणि बाळ मुलगी असणे. ‘हार्मोन्समुळे होते’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणाऱ्यांनी ही यादी वाचावी. या मातांपैकी बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता, हेही त्यातून पुढे आले. म्हणजे ‘प्रसूतीनंतरचे’ हा शब्द काहीसा फसवा आहे. सातव्या-आठव्या महिन्यात विचारले असते, तर अनेकींचे दुखणे तेव्हाच कळले असते.

घरात एवढी माणसे असूनही लक्षात का येत नाही?

सव्वा महिन्याची पद्धत मुळात आईला आराम मिळावा म्हणूनच आहे. माहेरी जाणे, तेलाने अंग रगडणे, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, घरकामातून सुटका. ज्या घरात हे प्रेमाने होते तेथे त्याचा आधार मोठा असतो. पण हीच पद्धत काही जणींना कोंडून टाकते. बंद खोली, कानाला फडके, ‘वाचू नकोस, डोळे जातील’, ‘रडू नकोस, दूध आटेल’. रडण्याचीच बंदी असेल तर रडू येते आहे हे सांगायचे कोणाला? शिवाय माहेरपणाचे दिवस सरल्यावर सासरी परतण्याच्या वेळी, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, अनेकींचा त्रास वाढतो. तोवर सगळ्यांच्या लेखी बाळंतपण संपलेले असते. शहरातल्या एकट्या जोडप्यांची अडचण उलटी. तेथे खोलीत कोंडणारे कोणी नसते आणि रात्री दोनला बाळ घेणारेही कोणी नसते.

सरकारी यंत्रणेची कथाही फार वेगळी नाही. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची देशव्यापी योजना ज्या प्रयोगातून उभी राहिली, तो महाराष्ट्रातलाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी करून दाखवला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष जगभर गाजले. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या आईकडे आशा सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिच्या तपासणीच्या तक्त्यात आईसाठीही प्रश्न आहेत. ताप आहे का, स्रावाला दुर्गंधी आहे का, आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. टोकाची अवस्था पकडणारा प्रश्न तेथे आहे. मुकाट्याने बाळाचे सगळे करणारी आणि आतून विझत चाललेली आई मात्र या तक्त्याच्या जाळ्यातून निसटते.

केरळमध्ये ‘अम्मा मनस’ या नावाने सरकारी यंत्रणेतच गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मानसिक आरोग्याची चाचपणी केली जाते. आपल्याकडे आशा कार्यकर्तीवर आधीच किती कामे लादली आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही सहा भेटी ठरलेल्याच असतील, तर त्यांत दोन प्रश्नांची भर अशक्य कोटीतली नाही. अर्थात, प्रश्न विचारून ‘हो’ असे उत्तर आले तर पाठवायचे कोठे, हे आधी ठरायला हवे.

चाचणी कशी असते?

सर्वाधिक वापरली जाते ती ‘एडिनबरा’ प्रश्नावली. 1987 मध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि मराठी रूपांतरही उपलब्ध आहे. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच त्यात विचारलेले असते. पाच-सात मिनिटांत ती भरून होते. एकूण गुण 30. साधारण 10 च्या पुढे लक्ष ठेवावे, 13 च्या पुढे सविस्तर तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ सोडून काहीही असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. ही प्रश्नावली निदान करत नाही, ताप मोजावा तशी ती आहे.

डॉक्टर सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही सांगतात. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडण्याचे प्रकारही दिसतात. दोन्हींत थकवा आणि उदासी येते.

थेरपीत नेमके काय होते?

‘समुपदेशन’ या शब्दाने मराठीत थोडा घोळ केला आहे. त्यात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि बाळंतिणीला उपदेशाची कमतरता कधीच नसते. चांगली थेरपिस्ट उपदेश करत नाही. ती बहुतेक वेळ ऐकते, प्रश्न विचारते आणि दोघींनी मिळून काय बदलून पाहायचे ते ठरवते.

पहिली भेट 45 मिनिटे ते तासभराची असते. झोप किती होते, बाळंतपण कसे झाले, दूध पाजताना काय अडचण येते, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का, घरात कोण कोण आहे, कोणी हात उगारते का, जगणे नकोसे वाटते का, असे सगळे विचारले जाते. मारहाणीचा प्रश्न नवऱ्यासमोर विचारता येत नाही, म्हणून काही वेळ आईशी एकटीने बोलणे आवश्यक असते. बाळाला बरोबर नेण्यास हरकत नसते. मध्येच पाजावे लागले तर थेरपिस्टला त्याची सवय असते. तिथे बोललेले गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद केला जातो.

पुढे सहसा दोनपैकी एक पद्धत वापरली जाते. पहिली विचार आणि वागणे यांवर काम करते. ‘माझे दूध कमी पडते, म्हणजे मी आई म्हणून नापास’ हा विचार घेऊन तो तपासला जातो. दूध खरेच कमी आहे का? बाळाचे वजन काय सांगते? वरचे दूध द्यावे लागलेल्या बहिणीला तू नापास म्हणशील का? त्याबरोबर छोटी छोटी कामे ठरवली जातात. सकाळी दहा मिनिटे गच्चीत जाणे, एका मैत्रिणीला फोन करणे, आंघोळ घाईत न उरकणे. वरवर हे क्षुल्लक वाटते. पण नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडलेल्या प्रत्येक गोष्टीने नैराश्य वाढते. ही साखळी उलट फिरवायची तर सुरुवात अशीच करावी लागते.

दुसरी पद्धत नात्यांवर काम करते. नोकरी करणारी बाई अचानक चोवीस तासांची आई होते, नवरा-बायकोतली कामाची वाटणी बदलते, सासू आणि आई यांच्या सूचनांमध्ये ती अडकते. कोणाचे आधीचे मूल गेलेले असते, कोणाची स्वतःची आई हयात नसते आणि बाळंतपणात ते दुःख नव्याने उसळते. या पद्धतीत कोणाकडून नेमकी काय मदत हवी आहे आणि ती कशी मागायची, याचा अक्षरशः सराव केला जातो. ‘तुम्ही काहीच करत नाही’ या वाक्याऐवजी ‘रात्री अकरा ते तीन बाळ तुमच्याकडे’ हे वाक्य. नवऱ्याला एक-दोन भेटींना बोलावले जाते ते यासाठीच. बाप झालेल्या पुरुषांमध्येही सुमारे दहांतील एकाला नैराश्य येते असे आंतरराष्ट्रीय अभ्यास सांगतात, तेव्हा त्याचीही विचारपूस होते.

साधारण आठ ते सोळा भेटी, आठवड्याला एक. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत थोडा फरक जाणवावा अशी अपेक्षा असते. काहीच फरक नसेल तर ते थेरपिस्टला मोकळेपणाने सांगावे. पद्धत बदलता येते, थेरपिस्टही बदलता येते.

औषधे घेतली तर दूध पाजता येते का?

बहुतेक वेळा येते. सौम्य ते मध्यम त्रासात थेरपी पुरू शकते. त्रास तीव्र असेल, आत्महत्येचे विचार असतील किंवा पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल, तर औषधे आणि थेरपी दोन्ही लागतात. सर्ट्रालीनसारख्या औषधांचा अंगावरच्या दुधात उतरणारा अंश अत्यल्प असतो आणि अशा मातांसाठी ती बरीच वापरली जातात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी थांबवू नये आणि बरे वाटले म्हणूनही परस्पर बंद करू नये. सगळीच औषधे मात्र सारखी नाहीत. काही पाजताना टाळावी लागतात, म्हणून आपण पाजत आहोत हे डॉक्टरांना सांगावे. घरात दुसऱ्या कोणासाठी आणलेली झोपेची गोळी देणे, हा प्रकार तर अजिबात नको.

तज्ज्ञ नसतील तेथे काय?

तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ मिळणे कठीण, थेरपिस्ट त्याहून कठीण. यावर दक्षिण आशियातच एक उत्तर शोधले गेले. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान यांनी तेथील आरोग्य सेविकांना, म्हणजे आपल्या आशांसारख्याच स्त्रियांना, सोप्या रूपातील थेरपी शिकवली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत त्या घरोघरी जात. मानसिक आजाराचे नाव न घेता ‘बाळ सुदृढ व्हावे’ या विषयाने बोलणे सुरू होई, त्यामुळे सासूचाही विरोध होत नसे. गरोदरपणात नैराश्य असलेल्या मातांवर हा प्रयोग झाला. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशी थेरपी मिळालेल्या मातांपैकी 23 टक्क्यांमध्ये नैराश्य उरले होते, तर आरोग्य सेविकांच्या केवळ नेहमीच्या भेटी झालेल्यांमध्ये 53 टक्के. 2008 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने पुढचे पाऊल टाकले. तेथे 280 स्त्रियांच्या अभ्यासात आरोग्य कर्मचाऱ्यांऐवजी वस्तीतल्याच, मुले वाढवलेल्या सामान्य स्त्रियांना हे काम शिकवले गेले. फायदा झाला, पण पाकिस्तानातल्याइतका मोठा नव्हता. एवढे मात्र दिसले, की थेरपीचा गाभा दवाखान्याबाहेरची शिकवलेली बाईही पोहोचवू शकते.

जायचे कुठे, खर्च किती?

सर्वात सोपी पहिली पायरी म्हणजे केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा. क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी केंद्राकडे पाठवतात. दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांच्या कानांदेखत असा फोन कसा करायचा, हा प्रश्न उरतोच. पण तेथे रात्रीही उत्तर मिळते आणि कित्येकींना घर निजल्यावरच बोलायला एकांत मिळतो.

त्यानंतर जिल्हा रुग्णालयातील किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी पदे असतात. सगळीकडे ती भरलेली असतातच असे नाही, म्हणून बाळाला घेऊन निघण्याआधी बाह्यरुग्ण विभागाचा वार विचारून घ्यावा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचे नाव निघताच घरचे दचकतात. पण प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी भरती होण्याची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकींचे काम बाह्यरुग्ण विभागातच होते.

खासगीत तीन प्रकारची माणसे भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच नको. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अगदी वेगवेगळ्या शिक्षणाच्या माणसांच्या दारावर दिसते, म्हणून पदवी आणि बाळंतिणींबरोबर काम केल्याचा अनुभव जरूर विचारावा. मुंबई-पुण्यात एका भेटीचे साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. म्हणजे बारा भेटींचे गणित बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर जाते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपी तर भरतीशिवायच होते. नोकरदार आईने किंवा बापाने कंपनीकडून मोफत समुपदेशनाची सोय आहे का, हे विचारून पाहावे. अनेक मोठ्या कंपन्यांत ती असते आणि फारशी वापरली जात नाही.

ज्यांना एवढे सगळे शोधणे जमणार नाही, त्यांच्यासाठी बाळाच्या दीड महिन्याच्या डोसचा दिवस सोयीचा. त्या दिवशी घराबाहेर पडण्याला कोणाची हरकत नसते आणि समोर डॉक्टर किंवा परिचारिका असते. ‘बाळ ठीक आहे, पण मला पंधरा दिवसांपासून बरे वाटत नाही, झोप येत नाही, रडू थांबत नाही’ एवढे बोलले तरी गाडी सुरू होते. बोलवत नसेल तर बरोबरच्या बहिणीने किंवा नवऱ्याने सांगावे.

भरती करावे लागले तर बाळाचे काय?

ही भीती अनेकींना डॉक्टरांपासून दूर ठेवते. याच कायद्यात त्याविषयी स्पष्ट तरतूद आहे. मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे मुलाला इजा होण्याचा धोका असेल, किंवा मुलाच्या हितासाठी आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तेव्हाच तात्पुरते वेगळे करता येते. त्या काळातही देखरेखीखाली आईला मुलाची भेट मिळायला हवी. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत 2009 मध्ये देशातील पहिला माता-बाळ कक्ष सुरू झाला. तेथे आई आणि बाळ एकत्र दाखल होतात, घरातली एक बाईमाणूस सोबत राहते आणि आईवर उपचार चालू असतानाच तिला बाळाला घेणे, पाजणे, त्याच्याशी खेळणे यांत मदत केली जाते.